ट्रॅफिकमध्ये गाडी तापते, मोकळ्या रस्त्यावर थंड होते: गॅरेज गाठण्याआधी काय तपासायचं

ठाण्यातल्या कापूरबावडीहून घोडबंदर रोडने निघालेली गाडी कासारवडवलीपर्यंत व्यवस्थित येते. पुढे गायमुखच्या घाटाआधी रांग लागते, पहिला गिअर आणि न्यूट्रल यांच्यात अर्धा तास जातो आणि तापमानाचा काटा हळूहळू मध्याच्या वर सरकतो. एसीची हवा कोमट होते. घाट उतरून चेण्याच्या पुढे रस्ता मोकळा मिळाला की काटा खाली येतो आणि विषय तिथेच सुटतो. शिळफाटा, महापे, तुर्भे, मुंब्रा बायपास, कुठेही विचारा, रांग वेगळी असली तरी तक्रार हीच असते. बाटलीत पाणी ओतून महिना निघतो, मग पुन्हा तेच.

पाणी ओतणं हा उपाय नाही. कूलिंग सिस्टीम बंदिस्त असते. तिच्यातलं पाणी (खरं तर कुलंट, म्हणजे रसायन मिसळलेलं पाणी) कमी झालं असेल तर ते कुठून तरी बाहेर गेलं आहे. कमी न होताही गाडी तापत असेल, तर बिघाड पाण्यात नाहीच. म्हणून आधी गाडी नक्की कधी तापते ते नोंदवा. निम्मा शोध तिथेच लागतो.

लक्षणं

उभी असताना तापते, ४०-५० च्या वेगात थंड होते: हवा कमी पडते आहे. फॅन, त्याची वायरिंग किंवा रेडिएटरवर साचलेली धूळ. या भागात सर्वांत जास्त दिसणारा प्रकार हाच.

उभी असताना ठीक, पण १०० च्या वेगात किंवा खोपोलीहून खंडाळा चढताना तापते: पाणी पुरेसं फिरत नाही. आतून चोक झालेला रेडिएटर, अर्धवट उघडणारा थर्मोस्टॅट (गरम कुलंट रेडिएटरकडे सोडणारी झडप), कमजोर पंप.

थंड इंजिन सुरू केल्यावर पाच-सात मिनिटांतच काटा वर: थर्मोस्टॅट बंद स्थितीत अडकलेला, कुलंट जवळजवळ संपलेलं, आत हवा अडकलेली किंवा फुटलेलं हेड गॅस्केट (इंजिनचा ब्लॉक आणि त्यावरचं हेड यांच्यामधलं सील).

काटा एकदम उडी मारतो आणि लगेच परत येतो: सेन्सर, त्याचा प्लग किंवा हवेचा बुडबुडा. खरं तापमान असं उड्या मारत नाही.

दर आठवड्याला कुलंट कमी, पण खाली एक थेंब नाही. गॅरेजच्या भाषेत गाडी पाणी खाते. हे लक्षण हलक्यात घेऊ नका.

सीएनजी गाडी असेल तर आणखी एक खूण: गॅसवर झटके देते, पेट्रोलवर ठीक चालते आणि रेड्यूसरवर (गॅसचा दाब कमी करणाऱ्या भागावर) दव किंवा बर्फ धरलेला दिसतो. गॅसचा दाब उतरताना रेड्यूसर खूप थंड पडतो, म्हणून त्याला इंजिनच्या गरम कुलंटची फेरी दिलेली असते. कुलंट कमी झालं की ही फेरी आधी तुटते. अशा वेळी गॅसच्या ट्यूनिंगवर पैसे घालण्याआधी कुलंटची पातळी बघा.

काट्याबद्दल एक गोष्ट ध्यानात ठेवा. आजच्या बहुतेक गाड्यांत कुलंट साधारण ८० ते १०५ अंशांमध्ये असताना काटा मध्यावरच स्थिर ठेवलेला असतो. त्यामुळे तो मध्याच्या वर हललेला दिसला, तेव्हा तापमान खरोखरच जास्त झालेलं असतं. काही छोट्या गाड्यांत काटाच नसतो. निळा दिवा म्हणजे इंजिन अजून थंड, लाल म्हणजे फार गरम, मधलं काही कळत नाही. अशा गाडीला ओबीडी सॉकेटमध्ये (गॅरेजवाले स्कॅनर जोडतात त्या जागी) बसणारा स्वस्त ब्लूटूथ डोंगल लावा आणि मोबाइलवर कुलंटचं तापमान बघा. ८५ ते १०० सामान्य. १०५ च्या वर रेंगाळत असेल तर कारण शोधा. ११५ पार झालं तर इंजिन बंद करा.

रस्त्यातच तापली तर

एसी बंद करा. हीटर पूर्ण गरमवर आणि ब्लोअर पूर्ण वेगावर ठेवा, काचा खाली करा. मे महिन्यात हे नकोसं वाटेल, पण हीटर हा एक छोटा रेडिएटरच आहे आणि तो इंजिनची उष्णता ओढून घेतो. काटा लाल पट्ट्याच्या जवळ गेला, लाल दिवा लागला किंवा बोनेटमधून वाफ दिसली, तर डावीकडे घ्या, हझार्ड लाइट लावा आणि इंजिन बंद करा. "पुढच्या सिग्नलपर्यंत नेतो" असं अजिबात करू नका. ॲल्युमिनियमचं हेड वाकायला तेवढं अंतर पुरतं, आणि शंभर-दोनशे रुपयांच्या फ्यूजचं काम इंजिन उघडण्यापर्यंत जातं.

वाफ नसेल तर बोनेट उघडा. इंजिन सुरू न करता चावी ऑनवर ठेवली तर काही गाड्यांत फॅन चालू राहतो, त्याचा फायदा घ्या. रेडिएटरचं झाकण किमान ४५ मिनिटं उघडू नका. आतलं पाणी दाबाखाली १०० अंशांच्या वर असतं. झाकण सैल झालं की दाब सुटतो, त्या क्षणी पाण्याची वाफ होते आणि तोंडावर, हातावर उडते. तापलेल्या इंजिनवर किंवा इंजिनमध्ये गार पाणी ओतू नका, धातूला तडा जातो. थंड झाल्यावर पातळी कमी दिसली आणि हाताशी कुलंट नसेल तर बाटलीबंद पिण्याचं पाणी घालून घरापर्यंत यायला हरकत नाही. नंतर मात्र ते काढून योग्य मिश्रण भरायचंच.

१. पातळी आणि रंग: खर्च शून्य

सकाळी, इंजिन पूर्ण थंड असताना बघा. पारदर्शक टाकीवर मिन आणि मॅक्सच्या रेघा असतात. टाक्यांचे दोन प्रकार आहेत आणि इथेच बरेच जण फसतात. काही गाड्यांत टाकीवरच दाबाचं जाड, आटे असलेलं झाकण असतं. तिथे टाकीत दिसेल ती पातळी खरी. बऱ्याच मारुती आणि होंडा गाड्यांत मात्र दाबाचं झाकण रेडिएटरवर असतं आणि बाजूची बाटली नुसती साठवणीची असते. अशा गाडीत बाटली अर्धी भरलेली आणि रेडिएटर रिकामा असू शकतो. थंड असताना रेडिएटरचं झाकण उघडा, कुलंट तोंडापर्यंत दिसलं पाहिजे.

कुलंट स्वच्छ आणि रंगीत असावं. हिरवं, लाल, गुलाबी, निळं, रंगावरून प्रकार ठरत नाही. गाडीच्या पुस्तिकेत लिहिलेला प्रकारच घ्या, वेगवेगळी कुलंट मिसळू नका. गंजासारखं तपकिरी असेल तर बराच काळ नुसतं पाणी घातलं गेलं आहे. वर तेलाचा तवंग किंवा चिकट गाळ असेल तर इथेच थांबा आणि शेवटचा भाग वाचा.

२. दाबाचं झाकण: काही शेकडे

साधं पाणी १०० अंशांना उकळतं. १.१ बार दाबाच्या झाकणाखाली तेच पाणी १२० च्या वर जाईपर्यंत उकळत नाही, आणि निम्मं कुलंट घातलेलं मिश्रण तर जवळजवळ १३० पर्यंत टिकतं. झाकणाची स्प्रिंग किंवा रबर कमजोर झालं की हे संरक्षण जातं. मग काही बिघाड नसतानाही रांगेत पाणी उकळून बाटलीतून बाहेर सांडतं. रबराला चिरा, कडक झालेली कड, गंज दिसला तर झाकण बदला. वर ०.९ किंवा १.१ असा आकडा छापलेला असतो, तोच घ्या. जास्त दाबाचं झाकण लावल्याने गाडी थंड राहत नाही, जुने होज (रबरी पाइप) आणि प्लॅस्टिकच्या टाक्या मात्र फुटतात.

याच झाकणात उलट्या दिशेचा छोटा व्हॉल्व्ह असतो. इंजिन थंड होताना तो बाटलीतलं कुलंट परत आत ओढू देतो. तो चिकटला तर सकाळी वरचा होज पाइप चपटा, आत ओढलेला दिसतो. पाइप चांगलाच असतो, दोष झाकणाचा असतो.

३. फॅन: इथे वेळ द्या

उभी असताना तापणाऱ्या गाडीत पहिला संशय फॅनवर. गाडी पळते तेव्हा समोरून वारा येतो, फॅन बंद असला तरी निभावतं. थांबली की हवा ओढणारं दुसरं काहीच नसतं. एसीची हवा कोमट होण्याचं कारणही तेच: एसीचा कंडेन्सर रेडिएटरच्या पुढेच बसवलेला असतो आणि त्यालाही त्याच फॅनची हवा लागते. शिवाय इंजिन फार तापलं की बऱ्याच गाड्यांचा ईसीएम (इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर) एसीचा कॉम्प्रेसर स्वतःच बंद करतो. म्हणून "एसी थंड करत नाही" ही तक्रार आली की गॅस भरण्याआधी फॅन बघायचा.

तपासणी अशी करा. इंजिन सुरू करून एसी लावा. बहुतेक गाड्यांत मिनिटाभरात फॅन फिरायला हवा. फिरत असेल तर समोरच्या जाळीवर वर्तमानपत्राचा एक कागद धरा, तो आत ओढला जाऊन चिकटला पाहिजे. कागद गळून पडत असेल तर फॅन हळू फिरतो आहे. आणि कागद बाहेर ढकलला जात असेल तर तो उलटा फिरतो आहे. बाजारातली दुसरी मोटर बसवताना वायरी उलट जोडल्या गेल्या की हे होतं. नुसतं बघून कळत नाही, कागदाने लगेच कळतं.

आता एसी बंद करून इंजिन उभ्यानेच चालू ठेवा. तापमान ९५ ते १०० च्या आसपास गेल्यावर फॅन आपोआप लागायला हवा. एसीवर लागतो पण गरम झाल्यावर लागत नाही, तर मोटर चांगली आहे आणि संशय तापमानाच्या सेन्सरवर. सेन्सरचा प्लग काढून चावी ऑन केली की बहुतेक गाड्यांत ईसीएम सुरक्षितता म्हणून फॅन लावून टाकतो. तसं झालं तर वायरिंग, रिले, मोटर ठीक आणि सेन्सर संशयित. या तपासणीने चेक इंजिनचा दिवा लागेल, कोड पुसला की जातो.

दोन्ही वेळा फॅन बंदच, तर क्रमाने जा. बोनेटखालच्या फ्यूज बॉक्समध्ये फॅनचा फ्यूज, बहुधा ३० किंवा ४० अँपिअरचा. जळाला असेल तर तेवढ्याच अँपिअरचा बसवा. तो पुन्हा जळाला तर आणखी मोठा लावू नका. मोटर जाम होऊन जास्त करंट ओढते आहे, मोठ्या फ्यूजने वायरिंग पेटेल. मग रिले, म्हणजे फॅनचा करंट चालू-बंद करणारा स्विच. त्याच बॉक्समधला तसाच, त्याच नंबरचा हॉर्नचा रिले काढून फॅनच्या जागी लावून बघा. मग मोटरचा प्लग उघडा. आतली पिन तपकिरी झालेली किंवा प्लॅस्टिक वितळलेलं दिसणं हा फार नेहमीचा दोष आहे, आणि त्यासाठी पूर्ण मोटर बदलली जाते तेव्हा वाईट वाटतं. प्लग बदलून काम भागतं. शेवटी ३० अँपिअरचा फ्यूज घातलेल्या जाड वायरीने बॅटरीवरून मोटरला थेट १२ व्होल्ट द्या. फिरली नाही किंवा काठीने हलकं ठोकल्यावरच फिरली, तर ब्रश संपले आहेत.

काही गाड्यांत फॅनला दोन वेग असतात. हळू वेगाचा रेझिस्टर जळला की फॅन तापमान बरंच वाढल्यावर थेट जोरातच सुटतो. रांगेत काटा वरखाली होत राहतो, तो यामुळे.

हे सगळं करताना हात, ओढणी, टायचं टोक फॅनपासून लांब ठेवा. इंजिन बंद असतानाही तो अचानक सुरू होऊ शकतो. पंख्यात हात घालायचाच असेल तर आधी बॅटरीची निगेटिव्ह तार काढा.

फॅनला डॅशबोर्डवर बटण देऊन डायरेक्ट करण्याबद्दल स्पष्ट सांगायचं तर, अडकलेल्या दिवशी घरी पोहोचण्यापुरतं ठीक आहे, तेही रिले आणि फ्यूज घालून. कायमचं तसंच ठेवलं तर एके दिवशी बटण दाबायचं राहून जातं, आणि मूळ दोष तर तसाच असतो.

४. रेडिएटरची बाहेरची बाजू

घोडबंदर रोडवरची मेट्रोच्या कामाची धूळ, तुर्भे-महापेला ट्रकमागे उडणारी माती, पावसाळ्यातला चिखल हे सगळं कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या मधल्या फटीत जाऊन बसतं. समोरून बघितलं तर कंडेन्सर स्वच्छ दिसतो, गाळ त्याच्या मागे असतो. इंजिनच्या बाजूने टॉर्च मारा आणि समोरून बघा. उजेड पलीकडे येत नसेल तर धुवायची वेळ झाली आहे.

इंजिन थंड असताना साध्या नळीच्या पाण्याने, शक्यतो इंजिनच्या बाजूकडून पुढच्या दिशेने धुवा. पुढून मारलं तर गाळ आणखी आत जातो. सर्व्हिस सेंटरचा प्रेशर गन जवळून लावू नका. पातळ पत्र्या आडव्या पडल्या की हवा कायमची अडते.

याच वेळी खाली आणि बाजूला असलेली प्लॅस्टिकची झापडं जागेवर आहेत का बघा. साचलेल्या पाण्यातून गाडी गेली की खालचं झापड फाटतं आणि ते काढून फेकलं जातं. ते शोभेचं नसतं. त्याच्यामुळे हवा रेडिएटरमधूनच जाते. ते नसलं की इंजिनमागची गरम हवा खालून फिरून पुन्हा पुढे येते. जाळीसमोर लावलेले जादा दिवे आणि मोठ्या पाट्याही तितक्याच अडचणीच्या.

५. गळती

रात्री गाडीखाली पुठ्ठा टाका. सकाळी पुठ्ठ्यावर जिथे डाग, त्याच्या वर शोध. एसीचं पाणी स्वच्छ आणि बिनवासाचं असतं. कुलंट रंगीत, बोटाला बुळबुळीत आणि गोडसर वासाचं. चव घेऊन बघू नका, ते विषारी आहे. सांडलेलं लगेच भरपूर पाण्याने धुऊन काढा, कारण गोडसर असल्याने सोसायटीतली कुत्री-मांजरं ते चाटतात आणि त्यांची मूत्रपिंडं निकामी होतात.

सगळे होज थंड असताना दाबून बघा. फुगलेला, अगदी मऊ किंवा कडकड वाजणारा पाइप बदला. जोडांवर पांढरट-हिरवट पापुद्रा म्हणजे तिथून गळून वाळलेलं कुलंट. क्लिप आवळायची, पण प्लॅस्टिकच्या नळीवर फार जोर नको, ती चिरते. सीएनजी गाडीत हीटरच्या पाइपमधून रेड्यूसरकडे नेलेले टी-जोड हमखास बघा. नंतर बसवलेल्या किटमध्ये साध्या रबरी नळ्या वापरल्या असतील तर त्या सर्वांत आधी तडकतात. पोडियम किंवा स्टिल्ट पार्किंगमध्ये उभ्या गाड्यांत उंदीर होज आणि सेन्सरच्या वायरी कुरतडतात, बारीक दातांच्या खुणा शोधा.

पुढच्या सीटखालचं मॅट चिकट ओलं, काचेवर पुसली न जाणारी वाफ आणि गोड वास असेल तर हीटरची कॉइल गळते आहे. मॅट ओलं पण पाणी स्वच्छ असेल तर एसीची ड्रेन नळी तुंबली आहे, तो वेगळा आणि सोपा विषय.

हळद, अंडं किंवा गळती बंद करणारी पावडर रेडिएटरमध्ये घालू नका. ती भोक ओळखत नाही. हीटर कॉइलच्या आणि रेडिएटरच्या बारीक नळ्याही तितक्याच चोख बुजवते.

गळती सापडत नसेल तर गॅरेजमध्ये प्रेशर टेस्ट करून घ्या. थंड इंजिनवर हातपंपाने झाकणावर छापलेल्या दाबाइतकी हवा भरतात आणि दहा मिनिटं काटा बघतात. काटा उतरला आणि बाहेर कुठेच ओल नाही, तर पाणी आत जात आहे.

६. बेल्ट आणि वॉटर पंप

बेल्टच्या आतल्या बाजूला चिरा, चकाकी, तुटलेल्या रेषा असतील तर बदला. ओल्या दिवशी सुरू करताना किंचाळत असेल तर तो घसरतो आहे, आणि घसरणारा बेल्ट पंप हळू फिरवतो. पंपाच्या खाली एक छोटं भोक असतं. आतलं सील गेलं की तिथूनच ओघळ येतो, म्हणजे ते भोक बुजवायचं नसतं. इंजिन बंद करून पुली हाताने हलवा. डुगडुगली किंवा फिरवताना खरखर आली की पंप गेला. पंप टायमिंग बेल्टवर फिरणारा असेल तर स्वतः हात लावू नका. टायमिंग एक दात चुकली तरी व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळू शकतात. तो बेल्ट बदलायची वेळ जवळ आली असेल तर पंपही त्याच वेळी बदला, मजुरी एकदाच लागते.

७. थर्मोस्टॅट

थर्मोस्टॅट म्हणजे मेणाच्या कॅप्सूलवर चालणारी झडप. थंड इंजिनात ती बंद असते आणि कुलंट इंजिनमध्येच फिरतं. ८२ किंवा ८८ अंशांना, जो आकडा तिच्यावर कोरलेला असेल तिथे, ती उघडायला लागते आणि कुलंट रेडिएटरकडे जातं. मेण जुनं झालं किंवा गंज अडकला की झडप बंदच राहते किंवा अर्धीच उघडते.

काटा मध्याच्या वर जात असताना रेडिएटरचा वरचा होज कडक गरम आणि खालचा जवळजवळ थंड असेल तर थर्मोस्टॅट बंद आहे, किंवा रेडिएटर आतून पूर्ण चोक. खात्री करायला थर्मोस्टॅट काढून पातेल्यात पाण्यात दोऱ्याने टांगा, तळाला टेकू देऊ नका. थर्मामीटर ठेवून पाणी गरम करा. कोरलेल्या आकड्याच्या आसपास उघडायला सुरुवात आणि ९५ ते १०० च्या सुमाराला पूर्ण उघडी, असं व्हायला हवं. ते पातेलं नंतर स्वयंपाकात वापरू नका. नवा बसवताना नवी रबर रिंग लावा आणि छोटं हवेचं भोक असेल तर ते वरच्या बाजूला ठेवा.

"आपल्याकडे थंडी कुठे पडते, थर्मोस्टॅट काढूनच टाका" हा सल्ला फार जण देतात आणि तो चुकीचा आहे. थर्मोस्टॅट थंडीसाठी नसतो, इंजिन ठराविक तापमानावर चालावं म्हणून असतो. तो काढला की इंजिन कायम थंड चालतं, ईसीएम जास्त पेट्रोल सोडत राहतो, ॲव्हरेज पडतं आणि न जळलेलं पेट्रोल ऑइलमध्ये उतरून ते पातळ होतं. बऱ्याच इंजिनांत थर्मोस्टॅटची मागची तबकडी बायपासची वाट बंद करते. तबकडीच नसली की गरम कुलंटचा काही भाग रेडिएटरला न जाता परत इंजिनमध्ये फिरतो, आणि चढावर गाडी आधीपेक्षा जास्त तापते. जुनी गाडी घेतली असेल तर थर्मोस्टॅट आत आहे का, हे आधी तपासा. स्कॅनरवर पी०१२८ हा कोड येत असेल तर तो उघडा अडकलेला किंवा काढून टाकलेला असण्याची शक्यता मोठी.

८. भरताना आत राहिलेली हवा

काम बरोबर झालं, तरी दुसऱ्या दिवशी गाडी तापली, तर बहुतेक वेळा कारण हे असतं. जुनं कुलंट मोजपात्रात काढा. साडेचार लिटर निघालं आणि साडेतीनच आत गेलं, तर एक लिटर हवा आहे. छोट्या पेट्रोल गाड्यांत एकूण साधारण चार-पाच लिटर बसतं, नेमका आकडा पुस्तिकेत बघा. कॉन्सन्ट्रेट (पाणी न मिसळलेलं कुलंट) असेल तर त्यात तेवढंच डिस्टिल्ड वॉटर घाला, तयार मिश्रण असेल तर काहीच मिसळू नका. टँकरचं किंवा बोअरचं पाणी तर मुळीच नको. त्यातले क्षार रेडिएटरच्या नळ्यांत थर धरतात, आणि घोडबंदरच्या बऱ्याच सोसायट्यांत नळाला तेच पाणी असतं.

गाडीचं तोंड थोडं चढावर ठेवा. हीटर पूर्ण गरमवर करा, हवा काढायचा स्क्रू असेल तर उघडा. हळूहळू भरा, मधेमधे वरचा होज दाबा, स्क्रूतून बुडबुडे थांबून सलग कुलंट आलं की तो बंद करा. झाकण उघडं ठेवून इंजिन सुरू करा, पातळी उतरेल तसं घाला आणि फॅन लागण्याआधीच झाकण लावून टाका. मग फॅन दोनदा लागून बंद होईपर्यंत चालू ठेवा. हीटरमधून सतत गरम हवा यायला हवी. डॅशबोर्डमागे खळखळ ऐकू येत असेल तर हवा अजून आहे. पूर्ण थंड झाल्यावर पुन्हा पातळी बघा, थोडी उतरलेली असेल.

९. रेडिएटर आतून

वरचं सगळं ठीक असूनही वेगात आणि चढावर तापते, तेव्हा. गरम इंजिनवर इन्फ्रारेड थर्मामीटरने रेडिएटरची जाळी पट्ट्यापट्ट्याने मोजा. मधेच थंड पट्टे लागले तर तिथल्या नळ्या बंद आहेत. पितळी रेडिएटरच्या टाक्या उघडून आत सळई फिरवून साफ करता येत असे. आजचे रेडिएटर ॲल्युमिनियमचे आणि टाक्या प्लॅस्टिकच्या, तिथे ते जमत नाही. ॲसिडने तर पातळ ॲल्युमिनियम खाल्लं जातं. गाळ हलका असेल तर कुलंट फ्लशने काम होतं, नाहीतर रेडिएटर बदला. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुने मिळतात, पण रेडिएटर ही जुनी घ्यायची वस्तू नाही. आतून किती चोक आहे हे दुकानात कळत नाही.

कुठे थांबायचं

कुलंट कमी होतं आणि बाहेर गळती नाही. थंड इंजिन सुरू केल्याबरोबर टाकीत सतत बुडबुडे येतात. इंजिन गरम झाल्यावरही सायलेन्सरमधून गोड वासाचा पांढरा धूर थांबत नाही. सकाळी काही सेकंद एक सिलिंडर मिस करतो. डिपस्टिकवर (ऑइल मोजायच्या पट्टीवर) ऑइल दुधाळ दिसतं. यातलं एक जरी असलं तरी गाडी चालवू नका, टो करून न्या. हेड गॅस्केट किंवा हेडचा मामला आहे. ऑइलमध्ये पाणी मिसळलेलं असताना इंजिन चालवलं तर बेअरिंगही जातात. ऑइलच्या झाकणाखाली पावसाळ्यात थोडा पिवळट फेस मात्र दिसू शकतो. रोज दोन-तीन किलोमीटरच चालणाऱ्या गाडीत ती साठलेली वाफ असते. निर्णय डिपस्टिकवरून घ्या.

गॅरेजला इंजिन उघडायला देण्याआधी दोन चाचण्या मागा. पहिली, कुलंटच्या टाकीवर धरायची निळ्या द्रवाची. ज्वलनाचा वायू येत असेल तर द्रव पिवळा होतो. दुसरी, सिलिंडरचं कॉम्प्रेशन. शेजारचे दोन सिलिंडर कमी दाखवत असतील तर गॅस्केट त्यांच्यामध्ये फुटलं आहे. हेड काढलं तर ते मशिन शॉपमध्ये सरळपणासाठी आणि तड्यांसाठी तपासलंच पाहिजे. छोट्या इंजिनांत वाकण्याची मर्यादा ०.०५ मिलिमीटरच्या आसपास असते, ती डोळ्यांना दिसत नाही. न तपासता नुसतं गॅस्केट बदललं तर काही महिन्यांत तेच काम पुन्हा निघतं. हेडचे बोल्ट ताणून बसणारे (आवळताना कायमचे ताणले जाणारे) असतील तर नवेच घालायला सांगा.

हायब्रिड गाडीत नारिंगी वायरींच्या आसपासचं काहीही, टायमिंग बेल्टखालचा पंप आणि लाल दिव्यावर बराच वेळ चाललेलं इंजिन या तिन्ही ठिकाणीही घरचं काम थांबवा. फॅनचा नवा फ्यूज दुसऱ्यांदा जळाला तर ऑटो इलेक्ट्रिशियन गाठा.

दुरुस्ती झाल्यावर गाडी ताब्यात घेण्याआधी एसी लावून उभ्यानेच अर्धा तास चालू ठेवा, फॅन लागतो-बंद होतो ते बघा. घरी आणल्यावर थंड इंजिनवर टाकीवर मार्करने पातळीची रेघ मारा आणि आठवडाभर रोज सकाळी तीच रेघ बघा. पहिल्या दिवशी थोडी उतरली तर आत राहिलेली हवा निघाली, भरून नवी रेघ मारा. त्यानंतरही खाली जात असेल तर पाचव्या तपासणीपासून पुन्हा सुरुवात करा.